टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदललं. आता इंजिन मिसिंग करतंय आणि धूरही येतोय

गाडीवान_घाटकोपर
मंडळी, गाडी १९९७ ची झेन, कार्ब्युरेटरवाली, नोंदणी नूतनीकरण झालेली. टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण) ऑइल झिरपत होतं म्हणून सोसायटीच्या स्टिल्टमध्ये दोन रविवारात हे सगळं केलं: टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवीन, चारही प्लग नवीन, प्लग वायरचा सेट नवीन, डेल्कोची (डिस्ट्रिब्युटर, प्लगांना करंट वाटणारा भाग) कॅप काढून साफ करून परत, एअर फिल्टर नवीन, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदललं. ऑइल साडेतीन लिटरचा अख्खा कॅन ओतला. तरी ऑइल मोजायच्या पट्टीवर कमी दिसलं, म्हणून आणखी अंदाजे अर्धा लिटर घातलं.

आता आयडलिंगला गाडी थरथरते (मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नसावा), असल्फ्याच्या चढावर दम लागतो. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांनी सायलेन्सरमधून निळसर धूर, रेस दिली की वाढतो. शिवाय बॉनेटखालूनही धूर आणि जळका वास. नाक्यावरचे मेकॅनिक ऐकूनच म्हणाले, "रिंगा गेल्या, हाफ इंजिन करावं लागेल," म्हणजे इंजिन खोलून पिस्टनच्या रिंगा बदलायच्या. कामाआधी धूर अजिबात नव्हता. सुरुवात कुठून करू?

चहाबिस्किट
रुमाल टाकून ठेवतो.

डेल्कोकाका
रिंगा रविवारी दुपारी दोन ते पाचमध्ये जात नाहीत. काम करण्याआधी धूर नव्हता आणि नंतर आला, तर ज्याला हात लागला तेच आधी बघायचं. तुम्ही सहा गोष्टींना हात लावलाय. रिंगा त्यात नाहीत.

दुसरं म्हणजे दोन धूर वेगळे धरा. बॉनेटखालचा धूर हा बाहेर सांडलेल्या किंवा गळणाऱ्या ऑइलचा. सायलेन्सरचा धूर हा आत जळणाऱ्या ऑइलचा. आणि थरथर हा तिसराच आजार असू शकतो. तिन्हीला मिळून एकच कारण शोधत बसलात तर हाफ इंजिनच होईल.

पहिली पायरी: गाडी सपाट जागेवर आणा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून परत बुडवा आणि वाचा. आकडा इथे लिहा.

लोअर_परळ
मुंबईत सपाट आणि मोकळी जागा? काका, सोपं काहीतरी सांगा, रिंगा बदलणं वगैरे.

पाना_नंबर_बारा
ऑइलबद्दल काकांशी सहमत. स्टिल्ट पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो. उतारावर ड्रेन केलं की पॅनच्या (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) एका कोपऱ्यात जुनं ऑइल राहतं. थंड इंजिनातून काढलं असेल तर वर हेडमध्येही चिकटून राहतं. त्याच उतारावर, ओतल्याओतल्या, फिल्टर भरायच्या आत पट्टी बघितली की ती हमखास कमी दाखवते. मग माणूस वरून अर्धा लिटर घालतो. तुमच्या पोस्टमध्ये नेमकं हेच लिहिलंय.

जास्त ऑइलने होतं काय? क्रँकची वजनं ऑइलच्या पातळीला लागून ते घुसळतात, फेस होतो. फेसाचे थेंब ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी वाट) वाफेबरोबर टॅपेट कव्हरच्या पाइपातून एअर क्लीनरमध्ये जातात आणि तिथून कार्ब्युरेटरमार्गे सिलिंडरमध्ये. म्हणून गरम झाल्यावर धूर, आणि रेस वाढवली की जास्त. तुमचं वर्णन तंतोतंत जुळतं. एअर क्लीनरचं झाकण उघडून ब्रीदरच्या तोंडाशी बोट फिरवा. बोट ऑइलने भिजलं तर पुढे विचारायला नको.

मुलुंडकरीण
वरच्या दोघांनी धुराच्या वेळेवर बोट ठेवलंय ते महत्त्वाचं. नवख्यांसाठी थोडं सविस्तर:

रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना एक निळा भपका आणि मग साफ: व्हॉल्व सील. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून खाली आल्यावर परत दाबला की भपका: तेही बहुधा सीलच. चढावर लोडखाली सतत निळा: रिंगा, बोअर. गरम झाल्यावर सुरू आणि कव्हरच्या ब्रीदरमध्ये ऑइल: आधी पातळी, मग पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत आत ओढू देणारा व्हॉल्व).

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. चोक अर्धवट बंद, फ्लोटची पातळी वर किंवा फिल्टर कोंडलेला. पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा धूर म्हणजे कूलंट जळतंय. थंडीत सकाळी दिसणारी पातळ पांढरी वाफ हे नुसतं पाणी आहे, तिला घाबरू नका. तसंच ऑइल कॅपच्या आत साय धरल्यासारखा थर दिसला की लगेच "हेड पॅकिंग गेलं" म्हणायची घाई नको. आपल्या दमट हवेत रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो येतोच. पट्टीवरचं ऑइलही दुधाळ असेल आणि कूलंट घटत असेल, तर मात्र गंभीर.

गाडीवान_घाटकोपर
सर्वांचे आभार. मागच्या गल्लीत सपाट जागा मिळाली. दहा मिनिटांनी पाहिलं. पातळी वरच्या खुणेच्या साधारण एक सेंटिमीटर वर आहे. एअर क्लीनरमध्ये ब्रीदरच्या तोंडाशी ऑइलचं डबकं, नवीन फिल्टरचा एक कोपरा भिजलेला. लाज वाटतेय.

लोअर_परळ
फिल्टर तळून निघालाय. लिंबू पिळा.

पाना_नंबर_बारा
लाज कसली. जास्तीचं ऑइल काढायला ड्रेन बोल्ट उघडू नका. थोडंसंच काढून गरम ऑइलच्या धारेत बोल्ट परत लावणं जमत नाही, आणि हात भाजतो. औषधाच्या दुकानातून ५० किंवा ६० मिलीची मोठी सिरिंज घ्या, पट्टीच्या भोकातून जाईल अशी बारीक प्लास्टिकची नळी तिला जोडा आणि ओढत राहा. इंजिन कोमट असावं, ऑइल पातळ होतं. दर पाच-सहा सिरिंजांनंतर पट्टी बघा. वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबा.

ते काढताना वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर मिसिंगमुळे न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय किंवा मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटलाय. तसं असेल तर सगळं ऑइल परत बदलावं लागेल. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

स्वस्तात_मस्त
एवढं कशाला? अर्धा लिटर रॉकेल ऑइलमध्ये घाला, पाच मिनिटं आयडलिंग, मग सगळं ड्रेन. आतून इंजिन लख्ख होतं, रिंगाही मोकळ्या होतात.

डेल्कोकाका
नको. २५-२८ वर्षांच्या इंजिनात गाळ जिथे बसलाय तिथे त्याला बसू द्यावं. रॉकेलने तो पापुद्रे होऊन सुटतो आणि पॅनमधल्या जाळीला जाऊन चिकटतो. जाळी कोंडली की ऑइल प्रेशर गेलं. वर ड्रेन केल्यावरही थोडं रॉकेल आत राहतं, तेवढं नवीन ऑइल पातळ होतं. आतून धुवायचंच असेल तर चांगलं ऑइल घालून हजार-दीड हजार किलोमीटरवर पुन्हा बदला. सावकाश साफ होतं.

जाळीवरून आठवलं. पॅकिंग लावताना सिलिकॉन किती लावलं होतं?

गाडीवान_घाटकोपर
सगळ्या कडेने, सढळ हाताने :( लाल ट्यूब अर्धी संपली.

डेल्कोकाका
मग कव्हर परत उघडा. रबरी पॅकिंगला कडेभर सिलिकॉन लागत नाही, उलट त्याने रबर खोबणीतून घसरून बाहेर येतं. बाहेर फुगलेलं दिसतं तेवढंच आतही फुगलेलं असतं. आतला तुकडा तुटून पडला की तोही त्याच जाळीकडे जाणार.

करायचं असं. आधीचं सगळं सिलिकॉन लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा. स्क्रूड्रायव्हर नको, हेड ॲल्युमिनियमचं आहे, ओरखडा पडला की कायमची गळती. काढताना आत चिंधी पसरून ठेवा. जुन्या पॅकिंगचा तुकडा खोबणीत राहिलेला नाही ना ते नखाने फिरवून बघा, बऱ्याचदा एका कोपऱ्यात राहतो आणि नवीन पॅकिंग तिथे उचललं जातं. दोन्ही पृष्ठभाग पेट्रोलच्या फडक्याने कोरडे पुसा. सिलिकॉन फक्त जिथे सपाट कड संपून अर्धगोल सुरू होतो त्या कोपऱ्यांत, तांदळाच्या दाण्याएवढं. बोल्टखालचे रबरी वॉशर कडक झाले असतील तर तेही बदला, अर्धी गळती तिथूनच असते. बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, आखूड पान्याने मनगटाच्या जोरावर. खांदा लावायचा नाही. जास्त आवळलं की पॅकिंग चिरडतं आणि कव्हर वाकतं.

मुलुंडकरीण
बॉनेटखालच्या धुराबद्दल: मॅनिफोल्डवर पडलेलं ऑइल १५-२० मिनिटं चालवल्यावर जळून संपायला हवं. त्यानंतरही धूर असेल तर गळती चालूच आहे. नेमकी जागा शोधायची तर इंजिनची बाजू डिग्रीझरने धुऊन वाळवा, कडेला टाल्कम पावडर भुरभुरा आणि पाच मिनिटं आयडलिंगला ठेवा. ऑइल जिथून येतं तिथे पावडरीत काळी रेघ उमटते. लेझर वगैरे काही लागत नाही.

धुताना डेल्कोवर प्लास्टिकची पिशवी बांधा. आणि हे सगळं स्टिल्टमध्ये, भिंतीकडे सायलेन्सर करून करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीचं तोंड आत, सायलेन्सर मोकळ्या बाजूला.

सचिव_बी_विंग
आणि सोसायटीच्या पाण्याने इंजिन धुऊ नये, अशी नोटीस लावलेली आहे.

लोअर_परळ
आले! प्रत्येक धाग्यावर एक सचिव असतोच.

कानाने_ट्यूनिंग
सगळे ऑइलमागे लागलेत, थरथर कोण बघणार? मला तर हे इथेनॉलचं काम वाटतं. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, आणि कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या त्यावर अशाच चालतात.

पाना_नंबर_बारा
अर्धं बरोबर. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटमधून मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते भरून काढतो. कार्ब्युरेटरचं जेट म्हणजे पितळेतलं भोक, त्याला काय कळणार. पिकअपला अडखळणं, थंड इंजिन बंद पडणं हे त्याने होऊ शकतं. जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे गॅस्केट फुगतात तेही खरं, ते इथेनॉल चालणारेच घ्यावेत. पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं तर इथेनॉल त्या पाण्याबरोबर तळाशी वेगळं होतं, तो वेगळाच ताप. पण इथेनॉलने धूर निळा होत नाही. आणि थरथर प्लग-वायर बदलल्याच्या दिवशीच सुरू झालीय, पेट्रोल भरल्याच्या नाही.

डेल्कोकाका
थरथरीसाठी क्रमाने जा.

१-३-४-२ हा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम. एक नंबर सिलिंडर टायमिंग बेल्टच्या बाजूचा. डेल्कोतला रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते कॅप काढून, कुणालातरी सेल्फ मारायला लावून डोळ्यांनी बघा आणि त्या दिशेने वायरी मोजा. दोन वायरींची अदलाबदल असेल तर दोन सिलिंडर मरतात, गाडी जेमतेम उभी राहते, कार्ब्युरेटरमधून फटाकेही येतात. तुमची चालतेय, म्हणजे बहुधा एकच सिलिंडर कमी आहे.

तो कुठला ते शोधा. इंजिन बंद करा, एक वायर प्लगवरून काढा, तिच्या टोकाला जुना प्लग लावून तो इंजिनच्या धातूला पक्का टेकवा आणि मग सुरू करा. वायर हवेत लटकत ठेवू नका, कॉइल आणि इग्नायटरवर ताण येतो. वायर काढल्यावर आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर काम करत होता. काही फरकच पडला नाही तर तोच मेलेला. प्रत्येक वेळी दहा सेकंद, जास्त नाही.

मुलुंडकरीण
दहा सेकंदांचं कारण सांगते, कारण लोक मिसिंगमध्येच आठवडाभर गाडी चालवतात. मुंबईत १ एप्रिल १९९५ पासून नवीन पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला धूर शुद्ध करणारा डबा) सक्तीचा झाला, म्हणजे १९९७ च्या या गाडीला तो आहे (कुणी काढून साधा पाइप लावला नसेल तर). न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन जळतं, तो लालभडक तापतो आणि आतली जाळी वितळून पुढचा रस्ता बंद होतो. मग प्लग बदलूनही गाडीला पिकअप येत नाही. ऑइलचा धूरही त्याला मारकच. तेव्हा मिसिंग सुटेपर्यंत गाडी उभी ठेवा.

अजून एक सोपा तपास: पीयूसीची चिठ्ठी वाचा. या वयाच्या पेट्रोल गाडीला मर्यादा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के, एचसी (न जळलेलं पेट्रोल) १५०० पीपीएम. सीओ जास्त असेल तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त). सीओ ठीक आणि एचसी आकाशाला भिडलेला असेल तर पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग. एवढ्याशा पैशात एवढी माहिती कुठे मिळत नाही, पण आपण फक्त "पास" हा शब्द बघतो.

गाडीवान_घाटकोपर
केलं. एक, दोन, चार काढल्यावर गाडी बंद पडायला येते. तीन काढल्यावर ढिम्म. ऑर्डर बरोबर आहे. डेल्कोची बॉडी हलवलेली नाही, फक्त कॅप काढली होती. आता कॉम्प्रेशन गेज घेऊ का?

पाना_नंबर_बारा
थांबा, आधी फुकटचं. तीनचा प्लग एकमध्ये आणि एकचा तीनमध्ये लावा. मिसिंग एकवर गेली तर प्लग. नाही गेली तर तीन आणि दोनच्या वायरी बदलून बघा, लांबी पुरेल. तरीही तीनच मेलेला असेल तर कॅपच्या आत तीनच्या खांबाजवळ केसासारखी काळी रेघ आहे का ते टॉर्चने बघा. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं की गळणारा करंट निळ्या ठिणग्यांनी नाचताना दिसतो. पावसाळ्यात तर हमखास.

एका वेळी एकच बदल.

चहाबिस्किट
रुमाल टाकला होता त्याचा उपयोग करतो. प्लग बाहेर येणारच आहेत तर रंग वाचा. चहाच्या रंगाचा तपकिरी: ठीक. कोरडी काळी काजळी: रिच. काळा, ओला, तेलकट: ऑइल. ओला आणि पेट्रोलचा वास: ठिणगीच नाही. पांढराफटक: लीन किंवा जास्त गरम. प्लगचा नंबर जुन्याशी जुळवा. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलट. दुकानदाराने "हाच चालतो" म्हणून दिला असेल तर इथेच फसगत होते.

गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर, फीलर गेजने. नवीन प्लग डब्यातून काढून थेट लावू नये, पडलेला असेल तर गॅप मिटलेला असतो. बसवताना प्लगच्या शेंड्यावर रबरी नळीचा तुकडा खुपसून हाताने फिरवा, म्हणजे आटे तिरके धरत नाहीत. बोटाने बसला की पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. ॲल्युमिनियमच्या हेडात आटे गेले तर ऑपेरा हाउसला सुटा भाग मिळेल, आटे मिळत नाहीत.

कानाने_ट्यूनिंग
ऑपेरा हाउसपेक्षा कुर्ल्याला सीएसटी रोडला जा, जुन्या झेनचं तिथे जास्त मिळतं.

लोअर_परळ
तिथे तुमच्याच गाडीचा भाग तुम्हालाच मिळण्याची सोय आहे.

स्वस्तात_मस्त
व्हॅक्यूमची गळती कुणी बघितलीच नाही. कार्ब्युरेटरच्या बुडाशी कार्ब क्लीनर मारा, आयडलिंग वाढलं की तिथेच गळती.

मुलुंडकरीण
मुद्दा योग्य, पद्धत नको. ज्या मॅनिफोल्डवर ऑइल जळतंय त्याच्याशेजारी ज्वलनशील फवारा? पाइप एकेक करून पक्कडीने, मधे फडकं धरून दाबा. दाबल्यावर आयडलिंग सुधारलं तर तो पाइप. नाहीतर अर्धा मीटर रबरी नळी कानाला लावून दुसरं टोक जोडांवरून फिरवा, सुंईऽऽ आवाज ऐकू येतो. व्हॅक्यूम गेज असेल तर उत्तम. मुंबई समुद्रसपाटीला, म्हणून कोष्टकातला आकडा उंचीची वजाबाकी न करता घ्यायचा: चांगल्या इंजिनला आयडलिंगला १७ ते २१ इंच, काटा स्थिर. ठरावीक ठेक्याने काटा पडत असेल तर एका सिलिंडरचा दोष.

गाडीवान_घाटकोपर
सापडलं! प्लग अदलाबदल केल्यावर मिसिंग एक नंबरवर गेली. तो प्लग उन्हात धरून बघितला. पांढऱ्या चिनीमातीवर षटकोनाच्या वर केसाएवढी चीर आणि तिच्या बाजूने काळी रेघ. आवळताना पाना तिरका झाला होता, हे मान्य. नवीन प्लग गॅप मोजून लावला, थरथर गेली.

सिरिंजने सव्वाआठशे मिली ऑइल काढलं, पेट्रोलचा वास नाही. कव्हर उघडलं तर मागच्या कोपऱ्यात जुन्या पॅकिंगचा दोन सेंटिमीटरचा तुकडा खोबणीत होता, काकांनी सांगितलं तसाच. साफ करून परत बसवलं, पावडरीत रेघ नाही. एअर क्लीनर पुसला, फिल्टर बदलला. सायलेन्सरमधून मात्र अजून हलका धूर आहे.

डेल्कोकाका
सायलेन्सरच्या पोटात साठलेलं ऑइल आहे ते, जळायला वेळ लागतो. रात्री उशिरा ईस्टर्न एक्सप्रेसवर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अर्धा-पाऊण तास सलग चालवा. सिग्नल ते सिग्नल चालवून ते जळणार नाही. पीसीव्ही व्हॉल्व काढून हलवा, खुळखुळ वाजला तर ठीक, चिकटला असेल तर बदला. ब्रीदरचा पाइप आतून फुगलाय का तेही बघा. त्यानंतर दर २०० किलोमीटरला पट्टी. पातळी स्थिर राहिली तर विषय संपला.

मुलुंडकरीण
आणि तरीही धूर राहिला तरच कॉम्प्रेशन. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर सोडलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. एकूण आकड्यापेक्षा चौघांमधला फरक बघा. एखादा कमी आला तर त्यात एक चमचा ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, हलला नाही तर व्हॉल्व किंवा हेड पॅकिंग. मेकॅनिकसाहेबांनी "हाफ इंजिन" म्हणायच्या आधी हे चार आकडे मागा.

गाडीवान_घाटकोपर
काल रात्री विक्रोळी ते मुलुंड दोन फेऱ्या. धूर गेला. पट्टी खुणेवर. आयडलिंग सिग्नलला पंखा सुरू झाला की किंचित खाली येतं, बाकी मस्त.

पाना_नंबर_बारा
पंखा, हेडलाइट लागले की अल्टरनेटरचा भार येतो, जुन्या कार्ब्युरेटरला थोडं झुकणं चालतं. खुपत असेल तर गरम इंजिनवर आधी आयडलिंगचा स्क्रू पाव फेरा. एअर-मिश्रणाच्या स्क्रूला पीयूसीच्या यंत्राशिवाय हात लावू नका, पुढच्या पीयूसीच्या वेळी तिथेच जुळवून घ्या.

सचिव_बी_विंग
मी गंमत म्हणून लिहीत नाही. जुनं ऑइल गटारात ओतलेलं नाही ना? आणि फरशीवरच्या डागाचं काय?

गाडीवान_घाटकोपर
ऑइल कॅनमध्ये भरून ठेवलंय. डागाला काय लावू?

चहाबिस्किट
कॅन ज्या गॅरेजचं जुनं ऑइल रिफायनिंगला जातं तिथे द्या, सर्व्हिस स्टेशनं घेतात. डागावर सुताराकडचा लाकडाचा भुसा पसरून पायाने रगडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी झाडून त्यावर कपड्यांचा साबणचुरा, थोडंसंच पाणी, खराटा. दोनदा करावं लागेल. पाणी बादलीतून, सचिवांची नोटीस आहे.